झुलत्या घरट्याचा भाव

पाखरंसुद्धा तयार घरं विकत घेत, त्या काळची गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणदादाने एक घरटं विणून टांगलं आणि भाव सांगितला, गवताची वीस कणसं.

मुनिया नवऱ्याला बजावूनच सोबत घेऊन आली होती, "आवडलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही." आत डोकावून ती म्हणाली, "दादा, दार फारच अरुंद आहे."

"आहे खरं. अठरा द्या."

"वाऱ्याने हलतंय किती!"

"हलतं. पंधरा द्या."

"आणि खाली विहीर! पिल्लू पडलं तर?"

सुगरणदादाचा चेहरा उतरला. "मग नको, ताई. पिल्लांच्या जिवाला धोका असलेलं घर मी विकणार नाही. आत्ताच उसवतो." त्याने पहिली काडी ओढलीसुद्धा.

मुनियाने झटकन ती काडी चोचीत धरली, मग सोडून म्हणाली, "अहो, थांबा! दार अरुंद म्हणून तर साप शिरणार नाही. खाली पाणी म्हणून मांजर येणार नाही. आणि हलतं म्हणून तर पिल्लं झोपतील!"

"मग आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही पंचवीस मागितली असती!"

तिघंही खूप हसली. घरटं वीस कणसांनाच गेलं. मुनिया राहायला आली, तेव्हा त्यातली पाच कणसं सुगरणदादाने आत पिल्लांच्या जागी ठेवलेली होती.