पाठमोरी डिश

माणसांसारखीच यंत्रंही तोंडावर बोलायची, त्या काळातली गोष्ट.

सरपंच शेषरावांनी घरावर इंटरनेटची डिश आणली आणि वायरमन मुकिंदाला बजावलं, "हिचं तोंड रस्त्याकडे कर. गावाला दिसली पाहिजे."

मुकिंदाने तसंच करून नट आवळले. डिशचा दिवा लालच राहिला.

"टॉवर मागच्या डोंगरावर," डिश म्हणाली. "रस्त्याकडे बघून मी काय करू?"

शेषराव खवळले. "मागे गोठा आहे! शेणाकडे तोंड करून बसणार?"

"बसेन. मिरवायला नाही आले मी."

चार दिवस दिवा लालच. शेवटी शेषरावांनी हात टेकले. मुकिंदाने डिश फिरवली आणि दिवा हिरवा झाला.

लगेच शेषराव मोबाईल घेऊन अंगणात आले. "आता एका फोटोपुरती इकडे वळ. सगळ्यांना पाठवायचाय."

"पाठवायचाय ना?" डिश म्हणाली. "मग पाठमोराच काढा."