माथ्यावर दोघी

कमानीच्या माथ्यावरचा दगड एकच असतो, आणि रणधीरराजांनी तो दोघींना कबूल करून ठेवला होता.

गडाला नवा दरवाजा व्हायचा होता. आईसाहेबांनी विचारले, माझ्या माहेरचा काळा दगड माथ्यावर बसवशील ना? राजे जेवत होते, हो म्हणाले. संध्याकाळी राणीसाहेबांनी आपल्या कोकणातल्या माहेरचा तांबडा जांभा माथ्यावर हवा म्हणून सांगितले. राजे सोंगट्या खेळत होते आणि जिंकत होते. त्यालाही हो म्हणाले. दोन्ही दगड एकाच दिवशी गाड्यांतून गडावर आले, तेव्हा आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आले.

दिलेला शब्द मागे घेणे राजांना ठाऊक नव्हते. त्यांनी हिराजी पाथरवटाला बोलावून हुकूम दिला. दोन्ही दगड माथ्यावर हवेत. एकही बोटभर खाली नको, एकही बाजूला नको.

हिराजीने आधी सपाट दरवाजा केला. दोन खांबांवर लांबलचक दगडी तुळई टाकली आणि तिच्यावर मधोमध दोन्ही दगड शेजारी शेजारी ठेवले. पण हत्ती जाण्याइतका रुंद दरवाजा. एवढ्या लांबीला दगडाची तुळई टिकते कुठे? ती बरोबर मध्यावर तडकली. आईसाहेब म्हणाल्या, तांबड्याचा भार झाला. राणीसाहेब म्हणाल्या, काळ्याचा.

मग गोल कमान करायची ठरली. तिच्या माथ्यावर पाचरीसारखा एकच दगड बसतो, आणि तोच दोन्ही बाजूंना अडवून धरतो. तिथे दुसऱ्याला जागा कुठली? एकावर एक ठेवू म्हटले, तर खाली कोण, यावरून गडावर दोन वेगवेगळ्या चुली पेटल्या. राजांना दोन्हीकडे जेवावे लागले. शेवटी त्यांनी सगळा राग हिराजीवर काढला. दसऱ्याची मिरवणूक या दरवाजातून गेली नाही, तर तुझ्याकडची दगडाची खाण दुसऱ्याच्या ताब्यात जाईल, बिऱ्हाड बांधून ठेव!

खाण गेली म्हणजे घरही गेले, कारण हिराजीचे घर खाणीच्या कडेलाच होते. तो हातोडी बाजूला टाकून बसून राहिला. त्याची मुलगी राही भाकरी घेऊन आली, पण भाकरीला त्याने हात लावला नाही. समोर दोन बोकड भांडत होते. दोघे मागच्या पायांवर उठले, कपाळाला कपाळ भिडवले आणि क्षणभर तसेच उभे राहिले. दोघेही जीव खाऊन रेटत होते, म्हणूनच कुणी पडत नव्हते.

"आबा," राहीने विचारले, "यांच्यात वर कोण आहे?"

हिराजीने मान वर केली. मग तो उठला आणि दगडाच्या दोन चिपा एकमेकींना टेकवून पाहू लागला. टोकदार कमान त्याने तरुणपणी लांबच्या एका शहरात पाहिली होती. बांधली मात्र कधी नव्हती. भाकरी त्याने उभ्या उभ्याच खाल्ली.

राहीने दरबारात जाऊन सांगितले की दोन्ही दगड माथ्यावर बसतील. बोकडांचे नाव तिने काढले नाही. एवढेच मागितले, की बांधताना कमानीला खालून तोलून धरणारा लाकडी सांगाडा काढताना दोघींनी समोर उभे राहावे.

दसऱ्याच्या सकाळी सारा गाव दरवाजापाशी लोटला. कमान दोन्ही बाजूंनी वर चढत जाऊन टोकाला मिळाली होती. टोकाशी इकडून काळा दगड, तिकडून तांबडा, डोक्याला डोके लावून.

आईसाहेबांनी बराच वेळ निरखून राहीला विचारले, "आधी कुणाचा बसवलास?"

"आधी तुमचा ठेवला, आईसाहेब." राणीसाहेबांचा चेहरा उतरला. राही पुढे म्हणाली, "पण तो अजून नुसता लाकडावर पडलाय. बसायचे दोन्ही बाकी आहेत. लाकूड निघालं की दोन्ही एकाच क्षणी बसतील."

"उजवी बाजू मात्र काळ्याला दिलीस," राणीसाहेब म्हणाल्या.

"गडावर येणाऱ्याला काळा उजवीकडे, उतरणाऱ्याला तांबडा. जितके येतात तितकेच जातात, राणीसाहेब."

आईसाहेबांनी जरा आशेने विचारले, "आणि पुढेमागे तांबडा निखळला तर?"

"तर काळा खाली येईल."

"आणि काळा निखळला तर?" राणीसाहेबांनी विचारले.

"तर तांबडा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकीला दुसरीच्या तब्येतीची काळजी वाटल्यासारखे दिसले.

हिराजीने सांगाड्याखालच्या पाचरी ठोकून काढल्या. लाकूड कुरकुरत खाली उतरले. वरून चुन्याचा भुगा हिराजीच्या पागोट्यावर पडला. तो कमानीखालून हलला नाही, आणि राही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सगळा गाव वर पाहत होता. काळ्याने तांबड्याला रेटले, तांबड्याने काळ्याला, आणि कमान जागच्या जागी उभी राहिली. मिरवणुकीचा हत्ती खालून डुलत निघून गेला.

आता राजांचा चेहरा पडला. "दोघी माथ्यावर जाऊन बसल्या," ते म्हणाले. "गड माझा, दरवाजा माझा. यात मी कुठे आहे?"

"तुमची जागा सगळ्यांत आधी ठरली, महाराज," राही म्हणाली. "दोन दगडांच्या मध्ये ती चुन्याची बारीक रेघ दिसते ना? दोन्हीकडून दाब येतो तिथे. तुमच्या सवयीची जागा."

कुणाला हसावे की पळावे ते कळेना. मग आईसाहेबांनी पदर तोंडाला लावला, राणीसाहेबांनी मान फिरवली, आणि राजे असे हसले की पगडी सावरायला दोघे सेवक धावले. डोळे पुसत त्यांनी खाण राहीच्या नावे करून दिली, पिढ्यानपिढ्यांसाठी.

आईसाहेबांनी हातातली सोन्याची पाटली काढून पुढे केली. त्याच क्षणी राणीसाहेबांनीही आपली पाटली काढून पुढे केली. आधी कुणाची घेते, ते बघायला सगळा गाव पुढे सरकला.

राहीने दोन्ही हात एकदमच पुढे केले.