काजळराणीच्या झग्याचं अस्तर

एकदा एका गावात एक म्हातारा शिंपी राहत असे. शांतवनबाबा त्यांचं नाव. गावच्या चर्चमध्ये दर नाताळाला मुलांचं नाटक होई आणि त्याचे सगळे पोशाख बाबाच शिवत. त्यांच्या हाताखाली एस्तेर नावाची एक तरुण मुलगी शिवण शिकत होती. रविवारच्या शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवणारीही तीच.

त्या वर्षी एस्तेरने मुलांच्या एका अद्भुत गोष्टीचं नाटक बसवलं. त्या गोष्टीत काजळराणी नावाची चेटकीण असते. कमरेला सापाचा पट्टा, डोक्यावर विझलेल्या वातींचा मुकुट. जगातले दिवे ती एकेक करून गिळत जाते. शेवटी मेंढपाळाचं एक लेकरू पणती घेऊन तिच्या गुहेत उतरतं, तीही पणती विझते, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गुहेच्या आतून उजेड फुटतो. आता यातलं लेकरू म्हणजे देवाचा पुत्र आणि चेटकीण म्हणजे सैतान, हे त्या गावाला सांगावं लागत नव्हतं. पवित्र शास्त्र ऐकतच वाढलेली माणसं ती.

काजळराणीचं काम रिबका नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे आलं. तिचा आवाज खडा आहे म्हणून, असं एस्तेर सांगे. पण रिबकेची आई दोन वर्षांपूर्वी घर सोडून परक्या माणसाबरोबर निघून गेली होती, आणि चर्चच्या ओट्यावर बसणाऱ्या बायका हसून म्हणाल्या, की काम अगदी योग्य घरी गेलं. मोठ्यांचं हसणं मुलांनी उचललं. माप घ्यायच्या दिवशी एक पोरगा म्हणाला, हिला कशाला हवाय झगा, ही अशीच उभी राहिली तरी चालेल.

रिबका रडली नाही. बाबांच्या कापडाच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, की ती नाटकात येणार नाही आणि यापुढे चर्चमध्येही येणार नाही. एस्तेरने समजावलं, मग दटावलं. पोर हलेना. बाबा खाली वाकले तेव्हा तिने हळूच विचारलं,

"बाबा, काजळराणी शेवटी कुठं जाते?"

"अंधारात जाते, असं पुस्तकात आहे."

"आणि मी? झगा काढल्यावर?"

बाबांनी तिचं माप तेवढं घेतलं आणि म्हणाले, "झगा बघायला तरी ये. नाही आवडला तर नको घालूस."

ती गेल्यावर बाबांनी एस्तेरला एक काम सांगितलं. सात देवदूतांचे पांढरे झगे शिवून खुंटीला लागले होते. त्या प्रत्येकाची खालून चार बोटं पट्टी काप, आणि सगळ्या पट्ट्या माझ्याकडे दे. एस्तेरला वाटलं, म्हाताऱ्याची नजर आता गेली. पण बाबा बोलले तसंच करत होते. काळ्या झग्याला नेहमी काळंच अस्तर लागे. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि देवदूतांच्या पट्ट्या जोडून काजळराणीच्या झग्याला आतून पांढरं अस्तर लावायला घेतलं.

"बाबा, देवदूतांचे घोटे उघडे पडतील. त्यांच्या आया मला सोडतील का? आणि आतलं अस्तर बघणार कोण?"

"जी घालणार, ती बघेल."

"सैतानाला देवदूताचं कापड?"

बाबांनी सुई टोचून ठेवली.

"एस्तेर, शास्त्रातला तो पहिल्यापासून काळा होता का गं? पहाटेचा तारा म्हणत त्याला. उजेड देवाचा आहे हे विसरला, स्वतःचाच समजायला लागला, तिथं त्याचा अंधार झाला. तुझी काजळराणी दिवे का गिळते? तिचा दिवा तिच्याजवळ उरला नाही म्हणून. तिला भयंकर कर हो. वाईट ते वाईटच दिसलं पाहिजे, नाहीतर पोरं उद्या त्याच्याच मागं जातील. सैतानाला माफ करणारा मी कोण? पण त्याचा झगा आपण एका लेकराच्या अंगावर घालतोय. बाहेरचं काळं लोकांना दिसेल. अंगाला आतून काय लागतंय, ते तिला एकटीला कळेल. गावानं तिला एक झगा आधीच चढवलाय बाळ, आणि त्याला अस्तर नाही."

एस्तेरची कैची थांबली. खड्या आवाजाच्या मुली वर्गात आणखी दोघी होत्या. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिने उरलेल्या पट्ट्या कापायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी रिबका आली. झगा उलगडून बराच वेळ पाहत राहिली. आतल्या शिलाईवरून बोट फिरवलं, मग खुंटीवरच्या आखूड झग्यांकडे पाहिलं. झगा घातला आणि गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या.

नाताळच्या दिवशी तिने अशी काजळराणी उभी केली, की पुढच्या रांगेतली तीन पोरं आईच्या पदरात शिरली. पणती विझली तेव्हा चर्चमध्ये श्वास ऐकू येत होते. मग पहाट झाली, उजेड फुटला, चेटकीण कोसळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नाटक संपलं की देवदूतांचे झगे पेटीत जात आणि सैतानाचा झगा वेगळ्या गोणपाटात, अशी तिथली जुनी रीत. रिबकेने झगा काढला, पांढरी बाजू वर येईल अशी घडी घातली आणि उभी राहिली.

"ताई, हा कुठं ठेवू?"

एस्तेरने गोणपाट पायाने मागे सारलं आणि पेटीचं झाकण उघडून धरलं.

तेवढ्यात एका देवदूताची आई फणकारत आली. "काय गं एस्तेर, पोरींचे घोटे थंडीत उघडे! कापड गेलं कुठं?"

एरवी एस्तेरने बाबांकडे बोट दाखवलं असतं. तिने पेटीवरचा हात काढला नाही.

"मीच कापलं, काकू," ती म्हणाली. "एका देवदूताला कमी पडत होतं."