दुधात सोडलेली मुंगी

कंबळीनाथ महाराजांचा मुक्काम त्या साली खडकसोंड गावी होता. ओढ्यापलीकडे म्हसोबाचा पार, तिथे महाराज बसत. अंगावर एक काळं कांबळं, पुढ्यात धुनी, बस्स. माळावरचं गाव, पौषातला कोरडा वारा आणि चुन्याच्या भट्ट्यांची सगळीकडे उडणारी भुकटी. मोठ्यांचे ओठ फुटून रक्त येई, तिथे तान्ह्या लेकरांची काय कथा!

भट्टीवर राबणाऱ्या तात्याबाची बायको गोजरा याच गावची. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिची कूस उजवली, आणि ती कृपा महाराजांचीच असं ती मानी. रोज पार झाडल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे. तर तिच्या दीड महिन्याच्या पोरीचे ओठ फुटले. पोर प्यायला गेली की भेगा ताणत, आणि ती पिणं सोडून किंचाळे.

गोजराने भिवराआत्याला बोलावलं. भिवराआत्या म्हणजे गावची सुईण. हाताची गुणी होती, खोटं कशाला बोला. पण ताठा असा की देवालाही दोन गोष्टी सुनवील. त्या गावात एक रीत होती. लेकरू नीट पीत नसलं की आईचं दूध वाटीत काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी बाहेर आली तर दूध चांगलं, बुडाली तर विषारी. आता फुटले होते ओठ, आणि परीक्षा दुधाची. रोग रेड्याला अन् औषध पखालीला म्हणतात ते हेच. मुंगी बुडाली.

“गोजरे, तुझं दूध इखारी हाय,” आत्या म्हणाली. “ओठ त्यानंच फुटल्यात. एक थेंब पाजू नगंस.”

“आत्या, एकदा महाराजांना दाखवू का?”

“बाळंतपणं मी केली का त्या कांबळ्यावाल्यानं? तू आपली पार झाडत बस त्याचा.” जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मग गोजराची छाती फडक्याने करकचून बांधली. पोरीला कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध, आणि ओठांवर दिवसातून तीनदा मध-टाकणखार. बोळा भेगांवर घासे, खार झोंबे, पोर टाहो फोडी. पहिले दोन दिवस गोजराला पान्हा फुटत राहिला. तो ती चुलीच्या राखेत पिळून टाकी. तिसऱ्या दिवशी दूध आटलं. विष आटलं, बरं झालं, असं तिला वाटलं आणि मग तिचं तिलाच रडू कोसळलं. नऊ वर्षं देवापुढे डोकं आपटलं, ते काय पोटच्या गोळ्याला विष पाजायला?

पाचव्या दिवशी पोर रडायची थांबली. दुपटं सकाळपासून कोरडं होतं. ओठ काळे पडून चिकटले होते. गोजराने तिला उचललं आणि ती थेट पारावर गेली. मागोमाग बाया, आणि आता महाराज काय दिवे लावतात ते बघायला भिवराआत्याही.

“महाराज, हिला तुमच्या पायाशी ठेवते,” गोजरा म्हणाली. “बरी करा असंही म्हणत नाही. माझ्यापाशी राहिली तर मरेल. माझ्यात विष आहे.”

तिने खरंच पोर खाली ठेवली आणि चार पावलं मागे सरली.

महाराजांनी सगळी हकीगत विचारून घेतली. मग आपल्या कमंडलूतलं तीर्थ वाटीत ओतलं, पारावरची एक मुंगी उचलून त्यात सोडली. मुंगी गटांगळ्या खाऊन बुडाली. महाराजांनी तिला काडीने अलगद काढून उन्हात ठेवलं.

“आत्याबाई, हे तीर्थ विषारी का?” महाराज म्हणाले. “मुंगीला पोहता येत नाही, एवढंच हो.”

महाराज गोजराकडे वळले. “पोरीला पदराखाली घे.”

“महाराज, दूध आटलं.”

“देणारा आटलाय का? ते बांधलेलं फडकं सोड. पहिला थेंब तिच्या ओठांवर पडू दे.”

गोजराने पोरीला घेतलं. काही होईना. पोर लाकडासारखी निपचित. गोजराच्या तोंडून नामसुद्धा निघेना. ती नुसती कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. आणि एकाएकी तिची चोळी भिजली! थेंब ओठांवर पडला, दुसरा पडला, चिकटलेले ओठ सुटले, आणि ती अर्धमेली पोर घुटके घ्यायला लागली. केवढी ही माउलीची करुणा!

“मध-टाकणखार फेकून दे,” महाराज म्हणाले. “लाळ मऊ फडक्याने टिपायची, पुसायची नाही. पाजून झालं की तुझाच थेंब ओठांवर वाळू दे, वर कणभर तूप. वाऱ्याला आडोसा कर. आणि मागेल तेव्हा पाज.”

भिवराआत्या जागची हलली नव्हती. आता भांडेल असं बायांना वाटलं. ती हळूच म्हणाली, “महाराज, माझ्या लेकीच्या, सुंदरच्या दुधातबी मुंगी बुडाली हुती. मीच सोडली हुती. नातू आठ दिस जगला.”

महाराजांनी धुनीतलं लाकूड पुढे सारलं.

“ती म्हंती, आये, माझ्या दुधानं मेलं गं. बारा वर्सं म्हंती. मी गप ऱ्हायले.”

“मग इथे कशाला थांबलात?” महाराज म्हणाले. “दूध चांगलं होतं, एवढं तिला जाऊन सांगा.”

आत्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग ती गोजराकडे वळली आणि तिच्याही पायांवर वाकली. गोजराला उठता येईना, पोर पीत होती. तिने एक हात त्या पिकल्या डोक्यावर ठेवला. आत्या उठली, घरीसुद्धा गेली नाही, तशीच अनवाणी लेकीच्या गावच्या वाटेला लागली.