हैबतीनं हिरवळ जोपासली

खडकेवाडीत हैबती नावाचा एक गडी राहायचा. नाव हैबती, पण त्याला बघून कोंबडीसुद्धा वाटेतून बाजूला होत नसे. भोळा तर इतका, की कुणी 'जरा थांब' म्हटलं, तर दिवे लागेपर्यंत तिथंच उभा.

गावाबाहेरच्या माळावर सरंजामे साहेबांनी गोल्फचं मैदान करायला घेतलं. गोल्फ म्हणजे काठीनं चेंडू ढकलत ढकलत भोकात घालायचा. भोकाभोवती गालिच्यासारखं बारीक गवत लागतं. त्याचं बी पेरून झालं होतं, कोंब नुकते वर आले होते. त्यांची निगा राखायला बंडगर मुकादमांनी हैबतीला ठेवून घेतलं.

निघताना बायको, चांगुणा, म्हणाली, "आवो, ह्या खेपेला तरी सांगत्याल तसंच करा. हे काम गेलं तर मी माहेरला जाईन, ती परत यायची न्हाय."

हैबतीनं मान डोलावली. सांगतील तसंच करायचं, त्यात अवघड ते काय?

मुकादम म्हणाले, "हैबती, हे गवत म्हणजे तान्हं बाळ. एकदम खत घातलंस तर पचायचं नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरव."

हैबती घरी जाऊन वाटी-चमचा घेऊन आला. मांडी घालून बसला आणि एकेका पात्याला चमच्यानं खत भरवू लागला. "हा घास चिऊचा. हा घास काऊचा." संध्याकाळी मुकादम आले, तेव्हा ताटाएवढी जागा जेवून झाली होती. हैबती एका पात्याची पाठ थोपटत होता.

"हे काय रे?"

"ढेकर काढतोय."

मुकादमांनी कपाळाला हात लावला. "अरे, असं भरवत बसायचं नसतं! मूठ भरायची आणि फेकायची. एकदा उभं, एकदा आडवं. सगळीकडं सारखं पडलं पाहिजे."

"आधी सांगायचं की," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचे पाहुणे आले. खुर्च्या मांडल्या, चांगुणानं पोहे करून पाठवले. मुकादम म्हणाले, "हैबती, पाहुण्यांना पोहे दे."

हैबतीनं पातेलं काखेत धरलं, मूठ भरली आणि फेकली. एकदा उभी फेरी, एकदा आडवी. एका पाहुणीच्या अंबाड्यावर जरा विरळ पडले होते, तिथं त्यानं परत एक मूठ टाकली.

मुकादमांनी त्याला बाजूला ओढलं. "अरे शहाण्या, जेवण असं देतात? समोर नीट वाढायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, सावकाश होऊ द्या!"

"आधी सांगायचं की."

मग खताची पाळी आली. हैबतीनं पोतं आणलं, हिरवळीच्या मधोमध खताचा ढीग वाढला, हात जोडले आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या." मग पाठ फिरवून बसला. कुणी जेवत असताना बघत बसणं बरं दिसत नाही.

दोन दिवसांनी ढिगाखालचं गवत पिवळं पडलं. मुकादम रडकुंडीला आले. "जळलं रे! खत पडलं की लगेच वरून पाणी मारायचं. जळतंय असं कळलं, की थांबायचं नाही. पाणी मारायचं!"

हैबतीनं तेव्हापासून पाण्याची नळी हातातून सोडलीच नाही.

तेवढ्यात सरंजामे साहेब आले. पांढरीशुभ्र विजार, पांढरे बूट. पिवळा डाग बघून त्यांनी छातीवर हात ठेवला. "अरेरे, बंडगर! हे बघून जीव जळतो हो माझा!"

जळतो म्हटल्यावर हैबती थांबला नाही.

ओलेचिंब साहेब मोटारीत बसून निघून गेले. मुकादम तिथंच मातीत बसले. "हैबती, मी हात जोडतो. माणसांकडं तू बघूच नकोस. हिरवळीत खड्डा दिसला, की बी आत घाल, माती लोट, खत दे, पाणी मार. आणि उगवेपर्यंत कुणाला जवळ फिरकू देऊ नकोस. पाखरू असो नाहीतर माणूस. बस्स."

हे मात्र हैबतीला एकदम पटलं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

कसंबसं गवत वाढलं. भोकं पाडली, झेंडे रोवले, उद्घाटनाचा दिवस आला. मोठे पाहुणे काठी घेऊन उभे राहिले. हलकेच टोला मारला. चेंडू घरंगळत गेला आणि टुप्पकन भोकात पडला. टाळ्याच टाळ्या!

हैबती धावला. बी आपण होऊन आत गेलं होतं, निम्मं काम आयतंच झालं होतं. त्यानं पाटीभर माती लोटली, पायानं दाबली, खत दिलं, पाणी मारलं. मग कमरेची गोफण काढली आणि "हुर्र्र! हाऽ हाऽ!" करत मोठ्या पाहुण्यांच्या मागं लागला. पाहुणे पुढं, गोफण मागं. हिरवळीवर पाखरू उरलं नाही की माणूस.

सरंजामे साहेब लांबूनच ओरडले, "अरे मूर्खा, तो चेंडू आहे!"

"मग मी कुठं आंबे लागतील म्हणतोय?" हैबती म्हणाला.

साहेबांनी पाय आपटला. "उद्यापासून मला तू इथं दिसता कामा नयेस!"

हैबतीचा जीव भांड्यात पडला. काम जातंय की काय, अशी त्याला धास्ती होती. घरी येऊन तो चांगुणाला म्हणाला, "काम हाय. फकस्त दिसायचं न्हाय."

सकाळी साहेब स्वतः मैदानावर आले. चारी बाजूंना बघितलं. हैबती कुठंच नव्हता. हिरवळीवर फक्त एक लांबट उंचवटा होता, गवतानं झाकलेला. "सुटलो एकदाचा," असं म्हणत साहेबांनी त्या उंचवट्यावर पाय ठेवला.

खालून दबक्या आवाजात कुणीतरी विचारलं, "साहेब, दिसतोय का हो?"