शिंपीण आणि कोळिणीचा धाग्याचा करार

माणसांना कागद ठाऊक नव्हता तेव्हाची गोष्ट. एका पपनसाच्या झाडावर पानं शिवून घरटं करणारी शिंपीण पक्षीण आणि जाळं विणणारी एक कोळीण यांनी करार केला. कोळिणीने रोज चार धागे द्यायचे, बदल्यात शिंपिणीने कोळिणीवर टपलेल्या गांधीलमाश्या हाकलायच्या. शिवाय कोळिणीने मुद्दाम एक अट घातली: शिंपिणीने दुसऱ्या कुणाचा धागा घ्यायचा नाही, कोळिणीनेही दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. मोडेल त्याने झाड सोडायचं.

शिंपिणीने अंडी घातली आणि नेमकी तेव्हाच कोळीण कात टाकायला बसली. त्या दिवसांत तिला धागा काढता येत नाही, हे करार करताना कुणी बोललंच नव्हतं. वाऱ्याने घरट्याचा एक टाका उसवला, मग दुसरा.

शिंपीण कोळिणीकडे धावली. "बाई, दोन दिवस सावरीचा कापूस वापरू दे."

"करार म्हणजे करार. आज कापूस वापरशील, उद्या मला विचारणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी घरटं फाटलं आणि अंडी खाली पडून फुटली.

चार दिवसांनी कोळीण ताजे धागे घेऊन आली.

"आता मला धाग्याचं काम नाही. धागा घेणार नाही, गांधीलमाश्याही हाकलणार नाही," शिंपीण म्हणाली.

तेवढ्यात एक शिंजीर पक्षी आला. "मला घरट्याला धागा हवाय. मीही गांधीलमाश्या हाकलेन."

कोळीण लगबगीने पुढे झाली. वर एक गांधीलमाशी घिरट्या घालत होती.

"थांब," शिंपीण म्हणाली. "मी करार पाळला. आता तू पाळ."