वाळूवरची रेघ

नदीला अद्याप कोणी नाव दिले नव्हते, त्या काळातील ही हकिकत. तिच्या काठी साळूबाई नावाची साळिंदर राही. नदी ओलांडण्याची सुरक्षित वाट ती आपल्या गळलेल्या काट्याने ओल्या वाळूवर रेखी आणि ती रेघ पाहूनच हरणांचा कळप पाण्यात उतरे. पाण्याची खोली पाहून येण्याचे काम ऊद, म्हणजे पाणमांजर, आणि टिटवी करीत.

एके दिवशी मागून लांडग्यांची चाहूल लागली आणि पुढे पूर चढू लागला.

"साळूबाई, तू बस! मीच काढतो, वेळ वाचेल!" असे म्हणत उदाने वाळूवर उडी घेतली. त्याच क्षणी टिटवीही उतरली. "सरक रे, माझी बातमी ताजी आहे!"

त्या धांदलीत उदाच्या ओल्या शेपटीने निम्मी रेघ पुसली, टिटवीच्या नखांनी दुसरीच उमटवली आणि वाट थेट डोहाकडे वळली. पहिली हरिणी पाण्यात उतरलीसुद्धा!

"मागे फिर गं!" साळूबाई काटे फुलवून ओरडली. मग दोघांकडे वळली. "धावा, हवे तर एकदम धावा; पण वाळूला पाय लावायचा नाही. कडेला उभे राहून एकेकाने सांगा. रेघ मीच ओढीन."

नवी रेघ उमटली. कळप निघाला. निम्मी हरणे पार झाली, तोच ऊद पुन्हा दौडत आला, वाळूच्या कडेशी थबकला आणि आधी सांगायला लागलेल्या टिटवीमागून कुरकुरला, "आटप गं बाई, पाडसे खोळंबलीत!"

त्याची पाळी येताच त्याने उजवीकडे पाणी चढल्याचे सांगितले; साळूबाईने रेघ हातभर डावीकडे वळवली आणि उरलेली पाडसे त्याच वाटेने पाण्यात उतरली.